अलवणाचा रंग

रविवारी संध्याकाळी पाचला प्रयोग. एकांकिका १८९७च्या पुण्यातली. प्लेगची साथ, रँडच्या हुकमानं घरं तपासत फिरणारे गोरे सोल्जर, आणि तापानं फणफणलेल्या भाच्याला पदराआड लपवणारी विधवा आत्या. लिहिणाऱ्या मुलानं हिंसा ठरवून बाहेर ठेवली होती. तासाभरात कोणाला साधा ओरखडाही उठत नाही. देवघरापर्यंत बूट येतात, एवढाच अत्याचार.

वेशभूषा करणाऱ्या मुलीनं हे नेमकं हेरलं. तिनं अख्ख्या रंगमंचावर लाल रंग एकाच ठिकाणी ठेवला, आत्याच्या अलवणात, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यात. बाकी धुवट पांढरं, मांजरपाट आणि खाकी. ड्रेपरीवाल्याकडे सोल्जरांचे लाल डगले तयार होते. ते तिनं नाकारले, कारण तोवर हिंदुस्थानात कामावरच्या सोल्जरांच्या अंगावर खाकी आली होती. संहिता इतकी मनापासून वाचणारी वेशभूषाकार कॉलेजच्या नाटकांत मला फार थोड्या वेळा भेटली आहे.

शुक्रवार, संध्याकाळी ५. उरले ४८ तास.
अलवण आता विकत मिळत नाही. तांबडी नऊवारी मिळते ती जरीकाठाची, सणासुदीची. म्हणून रविवार पेठेतून बिनकाठाचं पांढरं सुती कापड आलं आणि बोहरी आळीतून रंगाच्या पुड्या.

रात्री ९. उरले ४४ तास.
नऊवार कापड उकळत्या पाण्यात मोकळं हलायचं तर बारा-पंधरा लिटरचं पातेलं हवं. ते मेसमधून मिळालं. मीठ टाकलं की रंग धाग्याकडे ढकलला जातो. पण स्वस्तातले हे रंग सुताला नुसते धरून राहतात, त्याच्याशी पक्के जोडले जात नाहीत. म्हणून पाणी नितळ येईपर्यंत कापड खळबळायचं आणि मग रंग पक्का करणारं द्रावण द्यायचं, अशी रीत आहे. तिसरं पाणीही लालच निघालं, आणि हॉस्टेलची टाकी संपली. तिनं विचार केला: सोल्जर घरात औषधाचं पाणी मारतात तो प्रसंग अभिनयातून दाखवायचा आहे, खरं पाणी नाही. लुगडं भिजणार नाही. म्हणून तिनं खळबळणं तिथंच थांबवलं, आणि द्रावणही दिलं नाही. तिला जेवढं सांगितलं होतं त्यावरून हा निर्णय बरोबरच होता.

शनिवार, सकाळी ७. उरले ३४ तास.
ऑगस्टची झड. दोरीवर काही वाळेना. शेवटी इस्त्री फिरवून वाळवलं.

दुपारी ४. उरले २५ तास.
रंगीत तालीम. आत्या करणारी मुलगी इतके दिवस जीन्सवर ओढणी घेऊन तालीम करत होती. अलवण नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून ती विंगेतून आली आणि तिची चालच बदलली. खांदे उतरले. भाच्याला हाक मारताना आवाज आपोआप खाली गेला, कारण डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईला मान झटकून बोलता येत नाही. दिग्दर्शक जे महिनाभर समजावत होता, ते कापडानं एका फेरीत करून दाखवलं. कपडे शेवटच्या दोन दिवसांत अंगावर येतात, ही विद्यार्थी रंगभूमीची सवय मला म्हणूनच सहन होत नाही. निळ्या झोतात अलवण जवळजवळ काळं दिसत होतं. निळ्या प्रकाशात लाल कापडाला परत फेकायला काही मिळत नाही. पिवळसर प्रकाश आला की तेच कापड पेटून उठे.

रात्री १०. उरले १९ तास.
चहाच्या टपरीवर ठरलं की पाण्याचा अभिनय खोटा वाटतो, खरी बादली आणायची. ही बैठक मला नंतर कळली. नेपथ्यवाल्याला सांगितलं, त्यानं प्लॅस्टिक अंथरायचं कबूल केलं. प्रकाशवाल्यानं वायरी हलवल्या. वेशभूषेची मुलगी तेव्हा खोलीवर खाकी शर्टांची बटणं लावत बसली होती. तिला कोणी फोन केला नाही. पाणी माणसांच्या अंगावर पडणार, आणि अंगावर काय असतं हे जिला ठाऊक, तीच त्या बाकावर नव्हती. याचा मला आजही राग येतो.

रविवार, दुपारी ३. उरले २ तास.
ग्रीनरूममध्ये आत्याच्या मानेवर घामानं गुलाबी रेघ उमटली. वेशभूषाकारानं ती पुसली, पावडर लावली आणि बजावलं, "घामाचा हात भाच्याच्या सदऱ्याला लावू नकोस गं."

५.००. तिसरी घंटा.

५.३८.
सोल्जरनं बादली रिकामी केली. आत्यानं भाच्याला छातीशी घट्ट धरलं होतं, तालमीत बसवलं होतं तसंच. प्रकाश पिवळसर होता.

५.३९.
मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून लाल ओघळ उतरला आणि पोटापर्यंत पसरला. प्रेक्षागृहातून "अरे!" असा आवाज आला. विंगेत उभ्या वेशभूषाकारानं माझा दंड धरला. "पाणी कोणी आणलं?" तिनं विचारलं.

५.५२.
नाटकाचा शेवट असा होता की सोल्जर गेल्यावर मुलगा उठून बसतो आणि भूक लागली म्हणतो. तो उठला. लोकांच्या लेखी तो तेरा मिनिटांपूर्वी मेला होता. मागच्या रांगांत हसू फुटलं. आत्यानं पुढची वाक्यं जिवाच्या आकांतानं म्हटली. ती कोणाला ऐकू गेली नाहीत.

रात्री ८.
परीक्षकांनी संघाला बोलावलं. पहिला प्रश्न होता, "सोल्जरांनी मुलाला मारलं ते नेमकं कधी?" दिग्दर्शकानं खालमानेनं सांगितलं की बादलीचं वेशभूषेला कळवायचं राहून गेलं. मग तिनं सगळ्यांसमोर तिसऱ्या पाण्याचं सांगितलं. ते तोवर तिनंही कोणाला सांगितलं नव्हतं.