जौहर आणि अणू

घाटनांदूरला गाडीत बसावे आणि विकाराबादमार्गे हैदराबादेस उतरावे, अशी आमच्या वडिलांच्या शिक्षणाची वाट. निजामी अमलातल्या त्या दिवसांत ते रसायनशास्त्र शिकले, पण उर्दूतून! उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ सालीच खास भाषांतराचे खाते निघाले होते. तिथे पंडित-मौलवी एकेका शब्दासाठी खल करीत. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा घडविण्याच्या शास्त्रावर १९२१ साली ग्रंथच लिहिला.

म्हणून वडिलांच्या वहीत मूलद्रव्य म्हणजे 'उन्सुर', संयुग 'मुरक्कब', मिश्रण 'आमेझा', रेणू 'सालिमा' आणि अणू 'जौहर'! आपले 'जवाहिर' हे या जौहरचेच अनेकवचन, हे ते मोठ्या कौतुकाने सांगत. उन्सुर हा शब्द तसा जुनाच. माती, पाणी, वारा, अग्नी या चौघांना तो शतकानुशतके लावलेला. त्यालाच नव्या विद्येने कामाला जुंपले. मराठीने 'महाभूत' मात्र बाजूला ठेवले. ते बरेच झाले म्हणायचे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, आणि वडिलांना तेच शास्त्र मराठीतून शिकवायची पाळी आली. विषय पाठ, पण जिभेवर शब्द नाही! मुलांपुढे उभा राहिलेला शिक्षक मुका व्हावा, याहून मोठी नामुष्की कोणती? मग रात्री कंदिलाशी वही उघडून ते प्रत्येक उर्दू शब्दापुढे मराठी शब्द लिहीत. आक्सीजनपुढे 'प्राणवायू' लिहिताना त्यांना हसू आले असावे. लाव्हाझियेने त्या वायूचे नाव 'आम्लजनक' या अर्थी ठेवले आणि ते चुकले. क्लोरीनच्या आम्लात प्राणवायू नसतो, हे डेव्हीने १८१० मध्ये दाखविले. आपले नाव निदान खोटे तरी नाही!

मुरक्कब समजवायला त्यांना मीठ पुरे. सोडियम पाण्यावर पेट घेणारा, क्लोरीन घसा जाळणारा वायू. पण सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने तो घेतला, की दोघे एकमेकांस धरून बसतात आणि आपल्या भाकरीला चव येते.

वही अजून माझ्यापाशी आहे. 'जौहर' पुढे त्यांनी आधी 'परमाणू' लिहिले, कारण हिंदी पुस्तकांत तसे असते; तिथला 'अणु' म्हणजे आपला रेणू. मग ते खोडून वर बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'अणू'. शाई तिथे पसरली आहे.