नळीच्या बुडाशी कोरलेला दाखला

अंबरनाथच्या परिसरात स्वातंत्र्योत्तर काळी उभा राहिलेला सरकारी आयुधनिर्माणीचा कारखाना दारूगोळ्यासाठी लागणारे पितळ व अन्य अलोह धातू सिद्ध करीत आला आहे. तथापि सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखातील बंदुकीचा इतिहास कारखान्यांहून कितीतरी पुरातन आहे. रानडुकरांपासून पिकांचे संरक्षण करण्यासाठी कोकणातील शेतकरी ठासणीची बंदूक बाळगीत असे. नळीच्या तोंडातून दारू, छर्रे व चिंध्यांचा बोळा गजाने ठासावयाचा आणि केपावर घोडा पाडून बार उडवावयाचा, ही तिची रीत. 1878 च्या शस्त्रकायद्याने अशा शस्त्रांवर सरकारी परवान्याचा अंमल बसला.

ठासणीच्या बंदुकीत दारूचे माप धन्याच्या हाताच्या अंदाजावर अवलंबून असे. फ्रेंच कारागीर लफोशे याची मागून भरावयाची बंदूक 1851 च्या लंडन प्रदर्शनात झळकली, पुढे काडतुसाचा प्रसार झाला, आणि माप हातातून निघून कारखान्याकडे गेले. तेव्हापासून काडतूस आणि नळी यांचा मेळ बसणे हाच सुरक्षिततेचा पाया झाला. हा मेळ दोन अंकांवर ठरतो, आणि परवान्यावर बहुधा त्यांपैकी एकाचीच नोंद असते.

पहिला अंक बोअरचा. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले असता त्यांतील एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर. याच हिशेबाने सोळा बोअरचा व्यास सुमारे 16.8, तर वीस बोअरचा 15.6 मिलिमीटर भरतो. म्हणजे अंक वाढला की नळी अरुंद होते. चारशे दहाची बंदूक मात्र या गणतीबाहेरची, कारण तिचा अंक इंचाच्या सहस्रांशांत मोजलेला व्यासच होय.

दुसरा अंक चेंबरच्या, अर्थात काडतूस बसण्याच्या जागेच्या, लांबीचा. जुन्या ब्रिटिश बंदुकांत ती बहुधा अडीच इंच, म्हणजे सुमारे 65 मिलिमीटर असे. पुढे पावणेतीन इंच, म्हणजे 70 मिलिमीटर, आणि तीन इंच, म्हणजे 76 मिलिमीटर, अशी मापे रूढ झाली. ही लांबी उडवून उघडलेल्या काडतुसाची असते, भरलेले काडतूस त्याहून आखूडच दिसते. म्हणून 70 चे काडतूस 65 च्या चेंबरमध्ये निर्वेध बसते, परंतु बार होताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकते व दाब धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढू शकतो. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकले आणि मागून बारा बोअरचे भरले, तर नळी फुटण्याचाच प्रसंग.

या दोन्ही अंकांचा दाखला नळीच्या बुडाशी, दस्त्यापासून नळ्या विलग केल्यावर दिसणाऱ्या सपाट भागावर मिळतो. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 च्या कायद्याने स्थापन झाले, आणि परीक्षेत उतरलेल्या नळीवर त्यांची मोहोर उमटू लागली. 1925 च्या नियमांनंतर चेंबरची लांबीही इंचांत कोरण्यात येऊ लागली. युरोपच्या बंदुकांवर ती मिलिमीटरमध्ये आढळते. बारा बोअरच्या जुन्या ब्रिटिश नळीवर 13 हा अंकही आढळतो. तो नळीच्या प्रत्यक्ष छिद्राचा निदर्शक असून काडतुसाचा नव्हे. मोहोर अस्पष्ट असो वा मागाहून चेंबर कापून लांबविलेले असो, मापकाने केलेली मोजणीच निर्णायक ठरते.

1959 च्या शस्त्रकायद्यान्वये परवानाधारकाच्या निधनानंतर त्याचे शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि वारसाला आपल्या नावे परवाना मिळाल्यावरच ते परत घेता येते. आजोबांची बंदूक अशा मार्गाने घरी येईल त्या दिवशी प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करावी, परवान्यावरील बारा बोअर या एका नोंदीवर विसंबू नये, आणि परवानाधारक कारागिराकडून नळीच्या बुडाचा दाखला वाचून व चेंबर मोजून घेतल्याखेरीज तिच्यात एकही काडतूस घालू नये.