जुन्या लॅपटॉपवर एफपीजीए: 'नेक्स्टपीएनआर' कसं वापरायचं?

पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात घरी बसून एफपीजीए शिकायचं, तर पहिली अडचण सॉफ्टवेअरची. मोठ्या कंपन्यांची साधनं कित्येक जीबींची असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवणंच अवघड. मुक्त साधनांचा संच मात्र काहीशे एमबीत येतो आणि त्याला परवाना लागत नाही.

नेमकं काय करतं?

एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप. व्हेरिलॉगमध्ये लिहिलेल्या डिझाइनचे 'योसिस' छोटे लॉजिक भाग करतं. पुढचं काम 'नेक्स्टपीएनआर'चं. आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. कोणाचं पाल कुठे, हे ठरवणं म्हणजे प्लेसमेंट. त्यांच्यामधून वाटा काढणं म्हणजे राउटिंग.

हे खुलं कसं झालं?

चिपमध्ये भरायच्या फाइलची रचना कंपन्या सहसा उघड करत नाहीत. २०१५ मध्ये क्लेअर वुल्फ आणि माथियास लासर यांच्या 'आइसस्टॉर्म' प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या आइस४० चिपची रचना उलगडली. २०१८ मध्ये नेक्स्टपीएनआर आलं.

कसं चालवायचं?

१. 'ओएसएस कॅड सुट' उतरवून उघडा. त्यात सगळी साधनं एकत्र मिळतात.
२. योसिसकडून डिझाइनची जेसॉन फाइल तयार करून घ्या.
३. नेक्स्टपीएनआरला ती फाइल, चिपचा प्रकार, पॅकेज आणि पीसीएफ फाइल द्या. कोणता सिग्नल कोणत्या पिनवर, हे पीसीएफमध्ये लिहायचं.
४. 'आइसपॅक'ने अंतिम फाइल बनवा, 'आइसप्रोग'ने बोर्डवर चढवा.

टर्मिनलची सवय नसेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

कुठे फसायला होतं?

शेवटी 'पास' दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. वेग सांगितला नाही, तर नेक्स्टपीएनआर १२ मेगाहर्ट्झ धरून तपासतं. बोर्डचं घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं असेल, तर तो 'पास' तुमच्या कामाचा नाही. आज्ञेत खरा वेग लिहा. थोडक्यात हुकत असेल, तर 'सीड'चा आकडा बदलून पुन्हा चालवा. मांडणी बदलते, कधी कधी तेवढ्यावर भागतं.

पैसे खर्च करण्याआधी

प्रत्येक चिप यात चालत नाही. लॅटिसच्या आइस४० आणि ईसीपी५ या चिपचा आधार पक्का आहे. गोविनच्याही काही चिप चालतात. त्यामुळे बोर्डची किंमत बघण्याआधी त्यावरच्या चिपचा पूर्ण क्रमांक वाचा. स्वस्तात घेतलेला बोर्ड आधार नसलेल्या चिपचा निघाला, तर पुन्हा त्याच जड सॉफ्टवेअरकडे जावं लागेल.