कुंभाराचे चाक आणि कुंभारणीचे हात

लातूर-नांदेडकडील गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. बलुते म्हणजे वर्षभर पुरवलेल्या कामाच्या मोबदल्यात सुगीला खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. हा वाटा कुंभाराच्या नावे मिळत असला, तरी मडके घडे ते नवराबायकोच्या मिळून चाललेल्या कष्टांतून. या भागातील काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तळ्याचा गाळ आणून, चाळून, त्यात राख आणि लीद मिसळावी लागते. भाजताना लीद जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि त्यांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होत असल्यानेच माठातले पाणी गार राहते. माठाचा हा गुण मातीच्या तयारीत ठरतो, आणि त्या तयारीचा मोठा भार कुंभारणीवर असे. बाजारात डोक्यावरून मडकी नेऊन विकणारीही बहुधा तीच. चाक मात्र पुरुषाचे. त्याला बाईने हात लावू नये, असा दंडक अनेक ठिकाणी पाळला जाई.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्यात होते. तेरच्या उत्खननांत सातवाहनकालीन मृण्मूर्ती सापडल्या आहेत आणि संत गोरा कुंभार (परंपरेनुसार १२६७-१३१७) यांची समाधीही तेथेच आहे. बायको पाण्याला गेली असता नामात दंग होऊन चिखल तुडवणाऱ्या गोरोबांच्या पायांखाली मूल सापडले, या सर्वश्रुत कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी कुंभाराच्या अंगणातील कामाची वाटणी तीत लख्ख दिसते.

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या प्युब्लो गावांत ही वाटणी नेमकी उलटी होती. तेथे चाक नव्हतेच. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे घडवी ती स्त्री. सॅन इल्डेफोन्सो येथील मारिया मार्टिनेझ भांडे घडवून घोटी आणि पती ज्युलियन त्यावर नक्षी काढी. १९१९ च्या सुमारास या दोघांनी काळ्यावर काळी नक्षी साधली, आणि पुढे १९४३ मध्ये ज्युलियन वारेपर्यंत अनेक भांड्यांवर दोघांचीही नावे उमटत राहिली.

मराठवाड्यातील मडक्यावर कोणाचेच नाव नसते, आणि नोंदींत उरला तो एकटा कुंभार. म्हणून या व्यवसायाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, आवा म्हणजे मडकी भाजण्याची भट्टी लावलेल्या वृद्ध कुंभारणी हयात आहेत तोवर, त्यांच्याकडूनच मातीची माहिती टिपून घ्यावी.