अजायबखान्यातला पडदा

शिवडीच्या आमच्या चाळीत माझी आई म्यूझियमला ‘अजायबखाना’ म्हणायची. मराठीत आपण संग्रहालय म्हणतो; म्हणजे गोळा करून ठेवलेल्या वस्तूंचे घर. अजायबखाना म्हणजे जिथे नवल वाटते ते घर. शाळेतल्या मुलांना तिथे नेताना यातला कोणता अर्थ आपल्या मनात असतो? आज हे विचारायला हवे. कारण आता संग्रहालयांत टॅब आले, बोट लावताच बोलणारे पडदे आले, आणि मोबाइलवर घरबसल्या दालने पाहायची सोयही झाली.

आमच्या भागाला जवळचे संग्रहालय म्हणजे भायखळ्याच्या राणीच्या बागेतले. त्याची सुरुवात झाली १८५७ साली, फोर्टातल्या टाउन बरॅक्समध्ये. त्याच वर्षी उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली आणि संग्रहाला बाहेर पडावे लागले. मग डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी लोकांकडून पैसा उभा केला. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी आजची इमारत लोकांसाठी उघडली. १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचे नाव मिळाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स हेच इथले क्युरेटर होते. इथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींत नाना जमातींची माणसे, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे दिसतात. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळावे, अशी ही मांडणी. त्या काळातले ते शैक्षणिक तंत्रज्ञानच म्हणा ना! मात्र त्यात नजर साहेबाची होती. कोणाला कसे दाखवायचे हे ठरवणारा वेगळा आणि काचेत उभा राहणारा वेगळा.

त्याच बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ च्या सुमारास त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळला, त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून हत्ती इथे उभा केला. या ठिकाणी पडदा खरोखर कामाचा आहे. हत्ती मुळात बेटावर कुठे उभा होता हे तो दाखवील, सांधे मोठे करून दाखवील, चारी बाजूंनी फिरवील. पण त्या हत्तीशेजारी उभे राहिल्यावर आपण केवढेसे आहोत, हे कळायला तिथे जावेच लागते. पडद्याने मुलाला वस्तूपर्यंत आणून सोडावे. वस्तूच्या आड उभे राहू नये.

हे भान ठेवून झालेले कामही आपल्याच शहरात आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्यूझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. बसमध्ये छोटे प्रदर्शन, हाताळायच्या वस्तू, टॅब, आणि समजावून सांगणारी माणसे. ज्या शाळेला सहलीचा खर्च परवडत नाही, तिच्या दारात संग्रहालय येते. २०१९ मध्ये याच संस्थेने मुलांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले आणि प्रदर्शनाच्या मांडणीत मुलांनाच सामील करून घेतले. काय दाखवायचे हे मुलांनी ठरवायचे! बर्न्ससाहेबांच्या काळापासून आपण किती पुढे आलो, ते इथे दिसते.

मला यापुढचे एक पाऊल सुचवायचे आहे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. भोंगा, धोटा, बदली कामगार, तिसरी पाळी हे शब्द आमच्या घरात पाण्यासारखे वाहत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि हळूहळू भोंगे थांबले. जिथे साचे खडखडत होते तिथे आता उंच इमारती आहेत. आजच्या मुलाला धोटा म्हणजे काय, हे चित्र दाखवून सांगावे लागते.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले. पहिल्या टप्प्यात तळ्यावरच्या कारंज्यातून गिरण्यांची गोष्ट सांगणारा दृक्‌श्राव्य खेळ आखला गेला. चांगलेच आहे. पण गोष्ट सांगणार कोण? व्यावसायिक निवेदकाचा घोटीव आवाज, की साच्यावर उभे राहून अर्धा कान गमावलेल्या माणसाचा? कोकणातून आलेला, घाटावरून आलेला, तेलुगू बोलणारा, उत्तरेकडून आलेला, असे सगळे त्या एका खात्यात होते. तो आवाज एकाच्या तोंडून कसा निघणार?

संपाच्या वेळी जे पंचविशीत होते, ते आज सत्तरीच्या घरात आहेत. बाकीचे त्याहून थकलेले. शाळेतल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे. टाळेबंदीत एका खोलीत तीन भावंडांमध्ये एकच फोन होता, हे मी पाहिले आहे. पण दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला तो एकही पुरतो. एकेका मुलाने शेजारच्या एका आजोबांना, एका आजीला विचारावे, “तुमच्या खात्यात काय चालायचे? पहिला पगार कशावर खर्च केलात? संपात घर कसे चालवलेत?” शिक्षकांनी ते आवाज जपावेत, बोलणाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या नावानिशी संग्रहालयाकडे द्यावेत. त्यातून मूल इतिहास शिकेल आणि संग्रहालयालाही कुठल्याच काचेत न मावणारी वस्तू मिळेल.

शिवडी, लालबाग, परळच्या शाळांनी हे याच वर्षी हाती घ्यावे. पुढच्या वर्षी विचारणारी मुले तेवढीच असतील, सांगणारे मात्र कमी झालेले असतील.