सात जणांची फिजी

ऑकलंडला आमच्या गल्लीत सेवन्स रग्बीचा इतिहास तोंडपाठ असलेले एकच गृहस्थ आहेत, आणि ते आयुष्यात कधी रग्बी खेळलेले नाहीत. हे आजोबा फिजीतल्या बा गावचे. 1879मध्ये 'लिओनिडास' जहाजाने कलकत्त्याहून गिरमिट्यांची, म्हणजे करारबद्ध मजुरांची, पहिली खेप फिजीला नेली. 1916पर्यंत साठ हजारांवर माणसं तशीच ऊस लावायला गेली. त्यांच्यातच आजोबांचे आजोबा होते.

बामध्ये भारतीयांची पोरं फुटबॉल खेळायची आणि मूळ फिजियनांची रग्बी. शेती मात्र फिजियन वंशगटाच्या जमिनीवर, खंडाने घेतलेली, त्यामुळे बांधापलीकडचा खेळ रोज डोळ्यांसमोर. चेंडू नसला की रिकामी बाटली, नाहीतर चिंध्यांचं गाठोडं. हे सांगताना आजोबा पाण्याची बाटली छातीशी धरतात, खांदा पुढे काढतात आणि मागे न बघता, मनगटाच्या एका झटक्याने ती माझ्याकडे सोडतात. अंगावर माणूस आदळत असताना चेंडू असा जिवंत ठेवायचा, ही फिजीची खरी विद्या. मैदान पंधरा जणांच्या रग्बीएवढंच, माणसं फक्त सात, आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. 1883मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोझला हा प्रकार सुरू झाला, पण त्यातल्या मोकळ्या जागेचं सोनं केलं ते फिजीने.

हाँगकाँगची स्पर्धा 1976ला सुरू झाली आणि 1977, 1978 अशी लागोपाठ दोन वर्षं फिजीने जिंकली. आजोबांना आठवतो तो रेडिओ. ऊसतोडीचे गडी, मुकादम, पलीकडचे फिजियन शेजारी, सगळे एकाच चटईवर. करवंटीतून यांगोनाचं पेय फिरतंय आणि रेडिओची खरखर वाढली की सगळे एकदम ओरडतायत. हिशेबाच्या वहीत कूळ आणि जमीनमालक असलेली माणसं तेवढा वेळ नुसती फिजीची असायची, असं ते म्हणतात. मला यात जुन्या दिवसांना लावलेला मुलामा वाटत नाही, कारण याच माणसाने 1987ही तितकंच स्वच्छ सांगितलंय.

त्या वर्षी मे आणि सप्टेंबर असे दोन लष्करी उठाव झाले. निवडून आलेलं सरकार भारतीयांच्या कलाचं मानलं जात होतं, ते गेलं. उठावाचा म्होरक्या स्वतः फिजीकडून रग्बी खेळलेला! हजारो भारतीय कुटुंबांनी देश सोडला, त्यात आजोबाही. इथे आल्यावर त्यांचा मुलगा न्यूझीलंडचा झाला. 1990, 1991 आणि 1992 असं सलग तीनदा फिजीने हाँगकाँग जिंकलं, तेव्हा बाप टीव्हीसमोर टाळ्या वाजवतोय आणि पोरगा उठून आत जातोय, असं घर होतं. ज्यांनी घालवलं त्यांच्यासाठी नाचता कसले, हा मुलाचा सवाल. आजोबांचं उत्तर एकच: घालवलं बंदूकवाल्यांनी, हे सात जण माझ्या बांधावरचे आहेत. मुलाचा राग मला समजतो. पण माझ्या मते खरे आजोबाच आहेत. उठाव करणाऱ्यांना त्यांनी आपली फिजी देऊन टाकली नाही.

मग फिजीचा वायसाले सेरेवी. उंचीने बेताचा, पण समोरच्याला उभ्या जागी चकवणारा. 1997च्या सेवन्स विश्वचषकात अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी, 24-21. 2005मध्ये, छत्तीस वर्षांचा असताना, तोच कर्णधार आणि समोर न्यूझीलंड: 29-19. दोन्ही वेळा हाँगकाँगच. त्या दुसऱ्या रात्री मुलगा जेवला नाही, हे आजोबा आजही मिटक्या मारत सांगतात.

ऑलिम्पिकमध्ये फिजी 1956पासून जात होती, पदक एकही नव्हतं. 2016च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने चव्वेचाळीस बळी घेतले, गावंच्या गावं झोपली. ऑगस्टमध्ये रिओला सेवन्स पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आलं. अंतिम सामना, इथे शुक्रवारी सकाळी दहाची वेळ. मध्यंतराला 29-0, शेवटी ब्रिटनवर 43-7. पदक देणाऱ्या राजकन्या ॲन यांच्यासमोर एकेक आडदांड गडी गुडघ्यावर बसला, पदक गळ्यात पडल्यावर पोकळ तळव्यांनी टाळी वाजवली. फिजीत मानाची वस्तू अशीच घेतात. जेत्याला इतकं नम्र होताना मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी फिजीच्या मध्यवर्ती बँकेने चक्क सात डॉलरची नोट काढली, त्यावर कर्णधार ओसेया कोलिनिसाऊ चेंडू घेऊन धावतोय. फिजीतल्या नांदीहून भाच्याने आणलेली ती नोट आजोबांच्या रामचरितमानसच्या पोथीत आहे.

टोकियोत न्यूझीलंडला 27-12 हरवून दुसरं सुवर्ण. महिलांच्या संघाचं कांस्यही तिथलंच. पॅरिसला मात्र 2024च्या अंतिम सामन्यात फ्रान्सने 28-7 असं हरवलं. ऑलिम्पिक सेवन्समधली फिजीच्या पुरुष संघाची ती पहिलीच हार.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर आहे. आजोबांच्या लेखी सेरेवीपुढे कुणी नाही. मी जेरी तुवाईची बाजू घेते: सुवाजवळच्या न्यूटाऊन वस्तीतला, सेरेवीसारखाच बुटका, रिओत सुवर्ण आणि टोकियोत कर्णधार म्हणून पुन्हा सुवर्ण. पुरुषांच्या सेवन्समध्ये ही दोन सुवर्णं दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आजोबा म्हणतात, सेरेवीच्या वेळी ऑलिम्पिक होतं कुठे? आणि आता मुलगाही या वादात पडतो, बापाच्या बाजूने.