हिंगाचा खडा

दिवाळीत चार दिवस जिभेचे राज्य असते. रात्री दहानंतर मात्र पोटाची कचेरी उघडते. चकली, शेव, कडबोळी आणि वर आग्रहाखातर घेतलेला पाचवा लाडू, या सर्वांचा हिशेब अंथरुणाला पाठ टेकताच सुरू होतो. पोटात गुबारा धरतो, ढेकर येता येत नाही, कूस बदलून बदलून उशीचा चोळामोळा होतो. अशा वेळी मराठी घरात वैद्याला बोलावणे धाडीत नाहीत. ताकात कालवलेला हिंग, चिमूटभर ओवा, आणि ज्याचे नाव ऐकताच मुले फिदीफिदी हसतात ते पादेलोण, एवढ्यावर काम भागते. तान्हे मूल रडत असेल तर बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात.

या त्रिकुटातला हिंग मला नेहमीच कुतूहलाचा वाटत आला आहे. आपल्या भाषेत ज्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही, त्याला ‘कोणी हिंग लावून विचारीत नाही’ असे म्हणतात. हिंगाचीही थोडीफार तीच गत आहे. फोडणीत तो रोज पडतो, रात्रीच्या पोटदुखीत त्याची आठवण होते. पण तो आला कोठून, हे त्याला कोणी हिंग लावून विचारीत नाही! ते आज विचारावे, असा माझा विचार आहे.

हिंगाचा पत्ता त्याच्या संस्कृत नावांतच लिहिलेला आहे. अमरकोशात हिंगाला ‘बाह्लीक’ म्हटले आहे. बाह्लीक म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातला बल्ख प्रांत. केशराला काश्मीरज म्हणावे, तसाच हा प्रकार. माल परमुलखातला, आणि नावही त्या मुलखाचेच. इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया येथील कोरड्या डोंगराळ प्रदेशांत हे झाड वाढते. दिसायला ते बडीशेपेच्या मोठ्या भावासारखे असते. काही वर्षे ते मुळात साठा करीत राहते, एकदाच फुलते आणि मरते. फुलण्याआधी त्याच्या जाड मुळाला छेद देतात. त्यातून दुधासारखा चीक पाझरतो. तो सुकला की खरवडून घ्यावयाचा आणि पुन्हा नवा छेद द्यावयाचा. हाच अस्सल हिंग. त्याचा दर्प इतका उग्र, की बाजारातल्या बांधणीच्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळूनच तो माणसाळवावा लागतो.

या मुलखातून शिकंदराची फौज गेली ती इ. स. पूर्व 329 मध्ये. हिंदुकुश ओलांडताना शिधा संपला, सरपण मिळेना, तेव्हा सैनिकांनी ओझ्याची जनावरे मारून त्यांचे मांस कच्चेच खाल्ले. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो, की तेथे विपुल उगवणाऱ्या ‘सिल्फियम’ नावाच्या वनस्पतीमुळे ते कच्चे अन्न त्यांना पचले. हे सिल्फियम म्हणजे हिंगाचाच भाऊबंद, असे अभ्यासक मानतात. जग जिंकावयास निघालेल्यांनाही रात्री पोट सांभाळावे लागतेच!

आपल्याकडील वैद्यांनी तर हिंगाला फार पूर्वीच दरबारात मानाची जागा दिली होती. चरकसंहितेत, कोणत्या कामी कोणते द्रव्य सर्वश्रेष्ठ, याची एक मोठी यादी आहे. अग्नी प्रदीप्त करणारे, वाताला खालच्या वाटेने नेणारे आणि वात-कफ शमविणारे द्रव्य म्हणून तेथे हिंगाचे नाव आहे. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे आणि शहाजिरे यांच्या जोडीला हिंग बसला की हिंग्वष्टक चूर्ण होते. ते जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून घ्यावयाचे. म्हणजे रात्रीच्या गुबाऱ्याचा बंदोबस्त पानावर बसतानाच! आपल्या फोडणीत वालाला, हरभऱ्याला, उडदाला हिंग पडतो, त्यामागे हीच समजूत आहे.

पण मला सर्वांत आवडते ती हकीकत गोव्यातल्या एका पुस्तकात आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाची त्याने चिकित्सा केली, त्याच्या दरबारातल्या हकिमांशी चर्चा केली, मुंबईचे बेट खंडाने घेतले, आणि 1563 साली गोव्यात आपला ग्रंथ छापून काढला. येथल्या औषधी द्रव्यांवर दोन वैद्यांनी केलेला संवाद, असे त्या ग्रंथाचे रूप आहे. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांत त्याची गणना होते.

हिंगाच्या प्रकरणात ऑर्ता विजयानगरची एक गोष्ट सांगतो. एका पोर्तुगीजाकडे एक उमदा घोडा होता. पण त्याला वाताचा विकार, म्हणून राजा तो विकत घेईना. पोर्तुगीजाने पिठात हिंग कालवून घोड्याला चारला. घोडा बरा झाला, राजाने चांगली किंमत देऊन तो घेतला आणि औषध कोणते, ते विचारले. हिंग, असे उत्तर येताच राजा म्हणाला, त्यात नवल ते काय, तू त्याला देवांचे अन्न चारलेस! त्यावर तो पोर्तुगीज आपल्या भाषेत हळूच पुटपुटला, की याला सैतानाचे अन्न म्हटले तर जास्त शोभेल. जर्मन भाषेत तर हिंगाला ‘सैतानाची विष्ठा’ अशा अर्थाचे नावच आहे.

ऑर्ता स्वतः काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. जगात हिंगाइतकी घाण दुसऱ्या कशाचीही आपल्याला येत नाही, असे तो मोकळेपणाने सांगतो. पण हिंग घातलेली भाजी हुंगल्यावर ती काही वाईट वाटली नाही, हेही त्याच प्रामाणिकपणे नोंदवितो. औषधात आणि स्वयंपाकात हिंदुस्थानभर सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू हीच, अशी त्याची साक्ष आहे. नाकाने नाकारलेले पोटाने स्वीकारले, आणि वैद्याने पोटाचा कौल मानला. परक्यांची विद्या शिकावयाची तर आधी आपल्या नाकाचा अहंकार सोडावा लागतो.

या माणसाच्या पदरी पुढे काय आले? ऑर्ता मूळच्या ज्यू कुळातला. 1568 साली तो वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले. आणि 1580 साली ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली. सैतानाचा वास ज्यांना आला, तो हिंगाचा खचित नव्हे. त्यांना हाडे जाळता आली. पण ग्रंथाचा संक्षेप 1567 मध्येच लॅटिन भाषेत छापून युरोपभर पोहोचला होता. आज पणजीतल्या एका बागेला ऑर्ताचे नाव आहे.

आता हा गुबारा म्हणजे आहे तरी काय? डाळी-कडधान्यांत काही शर्करा अशा असतात, की त्या फोडणारा पाचकरस माणसाच्या आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, आणि तेथले सूक्ष्म जंतू त्या आंबवून वायू तयार करतात. या प्रवासाला काही तास लागतात. म्हणून दुपारची उसळ रात्री बोलते. 1991 साली इंग्लंडात दहा निरोगी माणसांना 200 ग्रॅम बीन्स खाऊ घालून त्यांचा वायू प्रत्यक्ष मोजण्यात आला. चोवीस तासांत तो साधारण 705 मिलिलिटर भरला. स्त्रिया आणि पुरुष यांत काहीही फरक आढळला नाही, हे घरोघरच्या जुन्या वादाचा निकाल लावण्यासाठी मुद्दाम सांगतो! दिवसा ताशी 34, तर झोपेत ताशी अवघे 16 मिलिलिटर, असाही हिशेब निघाला. म्हणजे रात्री वायू वाढत नाही. सगळे शांत झाले, की पोटाचे बोलणे तेवढे ऐकू येते. तेव्हा रात्रीचे जेवण लवकर आणि बेताचे घ्यावे, शतपावली करावी, कडधान्ये भिजवून ते पाणी टाकून द्यावे, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आजच्या ज्ञानालाही धरून आहे. हिंगाविषयी म्हणाल, तर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अपचनाच्या रुग्णांना त्याने आराम पडल्याचे दिसले. पण रुग्ण होते अवघे 43. दोन हजार वर्षांच्या अनुभवाला विज्ञानाने आत्ता कोठे मान डोलावली आहे. सही अजून केलेली नाही.

आणि वारसा घ्यावयाचा तो पारखून घ्यावा. 1984 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पाच आठवड्यांच्या एका बाळाची हकीकत आली. पोटदुखीवर त्याला हिंगाचे औषध पाजले होते. तान्ह्याचे रक्त मोठ्यांच्या रक्ताहून नाजूक असते. त्यात बिघाड होऊन प्राणवायू वाहून नेण्याची त्याची शक्ती घटली आणि बाळाची प्रकृती गंभीर झाली. म्हणून लेप बेंबीबाहेरच ठीक. तान्ह्याच्या तोंडात हिंग जाता कामा नये. मोठ्यांच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर तो ‘गॅस’ म्हणून हिंग-ओव्यावर रात्र काढू नये. तडक इस्पितळ गाठावे.

एवढा हिंग खाणाऱ्या आपल्या देशात त्याची लागवड मात्र नव्हती. इराणातून आणलेल्या बियांची रोपे करून पालमपूरच्या वैज्ञानिकांनी 15 ऑक्टोबर 2020 रोजी हिमाचल प्रदेशात, लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी, पहिले रोप लावले. चीक हाती यावयास चार-पाच वर्षे धीर धरावा लागतो. हजारो वर्षे या घरात राहिलेल्या पाहुण्याला अंगणात जागा मिळाली ती अशी, अगदी अलीकडे. पीक चांगले आले, तर पुढच्या कोशकाराला बाह्लीकाशेजारी आणखी एक नाव लिहावे लागेल: लाहौली.